पीडीएफमध्ये ‘गुलबर्गा’ सापडू लागला त्याची कुळकथा

कर्नाटकातल्या गुलबर्ग्याच्या एखाद्या मराठी संस्थेची पंचवीस वर्षांपूर्वीची स्मरणिका पीडीएफमध्ये उघडली, तर पडद्यावर ‘गुलबर्गा’ लख्ख वाचता येतो. पण तोच शब्द शोधायला गेलो की संगणक सांगतो, सापडला नाही. कॉपी करून दुसरीकडे डकवला, तर रोमन अक्षरे आणि चिन्हे विस्कटून पडतात. सीमाभागाचा इतिहास धुंडाळणाऱ्याचे काम इथेच अडते.

१९९३मध्ये अडोबीने पीडीएफ आणले तेव्हा मुख्य चिंता होती ती पान सगळीकडे सारखे दिसण्याची. त्यामुळे कोणता आकार पानावर कुठे बसवायचा, हे फाइलला पक्के माहीत असते. तो आकार म्हणजे कोणते अक्षर, हे सांगायला वेगळा तक्ता लागतो. युनिकोडशी, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाणाशी, जोडणाऱ्या अशा तक्त्याची सोय पीडीएफच्या १९९६च्या आवृत्तीत झाली.

आकारावरून अक्षर ओळखण्याचा हा प्रश्न चिनी लिपीत प्रचंड होता. चीनच्या १९८०च्या प्रमाणसंचातच ६,७६३ अक्षरे होती. अडोबीने सोप्या आणि पारंपरिक चिनीसाठी वेगवेगळे संच करून त्यांतल्या प्रत्येक आकाराला ठरावीक क्रमांक दिला आणि त्या क्रमांकांचे तक्ते जाहीर केले. १९९२मध्ये युनिकोडमध्ये २०,९०२ हान म्हणजे चिनी लिपीची अक्षरे आली. चिनी अक्षर शेजारी पाहून रूप बदलत नाही, म्हणून संख्या अफाट असूनही क्रमांकावरून अक्षर ओळखणे जमले.

आपली अक्षरे मोजकी, पण ती एकमेकांना जोडून रूप बदलतात. खरे तर क्रमांक आपल्यालाही वेळेवर मिळाले होते: भारतीय मानक ब्यूरोचे इस्की प्रमाण १९९१चे, आणि युनिकोडमधली देवनागरीही त्याच वर्षीची. पण तेव्हाची पानजुळणीची सॉफ्टवेअरे जोडाक्षरे स्वतः घडवत नव्हती. मग काना, वेलांटी, अर्धी अक्षरे, रफार असे तुकडे करून ते रोमन अक्षरांच्या २५६ खणांत बसवले गेले. पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम आणि पुण्याच्याच मॉड्युलरचे श्रीलिपी यांच्यामुळे मराठी छपाई संगणकावर आली, हे ऋण मोठे आहे. कन्नडात ‘नुडी’ या सॉफ्टवेअरचे जुने फाँटही याच वळणाचे. पण खण रोमन, त्यामुळे कॉपी केल्यावर रोमनच हाती येते.

‘गुलबर्गा’ या शब्दातच सगळी अडचण दिसते. युनिकोडमध्ये आपण उच्चारतो त्या क्रमाने लिहितो: ब, मग र (क्रमांक २३५२), हलन्त, मग ग (२३२७) आणि काना. डोळ्यांना मात्र रफार ‘गा’च्या डोक्यावर दिसतो, आणि जुन्या टंकलेखनाच्या सवयीप्रमाणे तो गच्या नंतरच टंकला जाई. म्हणून जुन्या फाइलचे नुसते एकास एक रूपांतर केले, तर रफार भलत्या अक्षराला चिकटतो. ‘कलबुर्गी’ या गावाच्या नव्या नावाचीही तीच गत.

विंडोज २००० बरोबर मंगल फाँट आला आणि युनिकोड मराठी घरोघरच्या संगणकावर पोचली. तरी पीडीएफ करताना आकार दिसण्याच्याच क्रमाने मांडले जातात. त्यावर उपाय म्हणून पीडीएफच्या २००१च्या आवृत्तीपासून आकारांच्या एखाद्या गटामागे मूळ मजकूर जोडून ठेवता येतो. बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने तो जोडला नाही, तर आजच्या नव्या युनिकोड फाइलमधूनही ‘गुलबर्गा’ निसटू शकतो.

नुसत्या स्कॅनमध्ये तर अक्षरेच नसतात, चित्र असते. टेसरॅक्टसारखे अक्षरवाचक ते वाचून चित्रामागे अदृश्य मजकूर ठेवतात, आणि शोध त्या मजकुरात चालतो. मराठीसाठी हे आज फुकट उपलब्ध आहे. फिकट छपाईत मात्र मात्रा आणि अनुस्वार हमखास चुकतात, तेव्हा माणसाने एकदा वाचायलाच हवे.  शिवाय १ नोव्हेंबर २०१४ला गुलबर्ग्याचे नाव अधिकृतपणे कलबुर्गी झाले, म्हणून आता शोधही दोन्ही नावांनी घ्यावा लागतो.

सीमाभागातल्या संस्था, वाचनालये आणि मासिकांच्या संपादकांना एकच विनंती. पीडीएफबरोबर युनिकोडमधला मूळ मजकूरही जपून ठेवा, आणि फाइल पाठवण्याआधी तिच्यातला एखादा रफाराचा शब्द कॉपी करून डकवून पाहा. तो नीट उमटला नाही, तर ती फाइल पुन्हा बनवा.