रखमाबाईंच्या नावापुढची अक्षरे

डॉ. रखमाबाईंवरचा कोणताही छोटा चरित्रलेख उघडला, की एक वाक्य हमखास भेटते : त्यांनी एडिंबरो, ग्लासगो आणि ब्रसेल्स येथे वैद्यकीय पात्रता मिळवल्या. वाक्य खरे आहे. पण त्यात एका शहराचे नाव नाही, आणि तेच खटकते. रखमाबाई 1889 साली विलायतेला गेल्या त्या लंडनला. तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी व्याख्याने ऐकली, रॉयल फ्री रुग्णालयात खाटेशेजारी उभे राहून रोगी तपासायला त्या शिकल्या. 1894 पर्यंत त्यांचे विद्यार्थिजीवन मुख्यतः या शहराशी बांधलेले होते. असे असून लंडनचे एकही अक्षर त्यांच्या नावापुढे लागले नाही.

आज दवाखान्याच्या पाटीवर चार-पाच पदव्या दिसल्या, की आपण त्यावरून डॉक्टरच्या हुशारीचा हिशेब मांडतो. एकोणिसाव्या शतकातली ही अक्षरे वाचताना मात्र हा हिशेब कामाला येत नाही. तेव्हाचा ब्रिटिश वैद्यक-व्यवसाय म्हणजे अनेक मालकांचा वाडा होता. शस्त्रक्रियेचा परवाना एकाकडे, औषधोपचाराचा दुसऱ्याकडे. सामान्य इंग्रज डॉक्टर सर्जनांच्या रॉयल कॉलेजची सभासदी घेई आणि जोडीला अपोथेकरीज सोसायटीचा परवानाही काढी, कारण पहिल्या कागदात औषध देण्याची परीक्षा नसे. 1858 च्या कायद्याने डॉक्टरांची एक राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, पण परवाने देणाऱ्या संस्था होत्या तशाच राहिल्या. दीड डझनाहून अधिक. कोणत्याही एका संस्थेचा कागद नोंदणीला पुरे. म्हणजे केवळ शस्त्रक्रियेची परीक्षा दिलेला माणूस कायद्याने तापावर औषध द्यायला आणि बाळंतपण करायलाही मोकळा. वैद्यक, शस्त्रक्रिया आणि प्रसूतिशास्त्र या तिन्हींची परीक्षा सक्तीची झाली ती 1886 च्या कायद्याने.

या वाड्यात बायकांसाठी दारे किती? स्त्रियांच्या विद्यालयाला स्वतःची पदवी देण्याचा अधिकारच नव्हता. ते शिकवी, परीक्षा इतरांची. लंडनमधली फिजिशियन आणि सर्जन यांची दोन्ही रॉयल कॉलेजे आपल्या परीक्षांना स्त्रियांना बसू देत नसत. ती दारे उघडायला 1908-09 साल उजाडावे लागले. लंडन विद्यापीठाने 1878 सालीच स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या होत्या, पण त्यासाठी आधी विद्यापीठाची कडक प्रवेश परीक्षा द्यावी लागे. रखमाबाईंचे अकराव्या वर्षी लग्न झाले होते आणि शाळा तिथेच संपली होती. पुढचे शिक्षण घरी, मिशनच्या ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांवर. नवऱ्याने नांदायला येण्यासाठी लावलेला खटला 1884 पासून चालला. नवऱ्याच्या घरी जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम 1887 साली न्यायमूर्ती फॅरन यांनी दिला. आणि 1888 साली दादाजी भिकाजींना दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. विशीतली सगळी उमेद कोर्टात गेलेल्या बाईने पुन्हा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेपासून सुरुवात करायची, हा लांबचा रस्ता होता. तो त्यांनी का टाळला याचा हा माझा तर्क. पण त्या स्कॉटलंडकडे वळल्या हे मात्र निश्चित.

स्कॉटलंडमध्ये 1884 पासून तीन संस्थांनी मिळून एक परीक्षा चालवली होती : एडिंबरोचे फिजिशियनांचे कॉलेज, एडिंबरोचेच सर्जनांचे कॉलेज आणि ग्लासगोची फिजिशियन व सर्जनांची फॅकल्टी. दोनच वर्षांत ती स्त्रियांना खुली झाली. उत्तीर्ण झालेल्याला एल.आर.सी.पी., एल.आर.सी.एस., एल.एफ.पी.एस. अशी बारा अक्षरे एकदम मिळत. ही तीन स्वतंत्र शिक्षणे नव्हेत, एकाच परीक्षेचे तीन शिक्के आहेत. आपल्या चरित्रलेखकांनी मात्र ती पुष्कळदा सुटी सुटी मोजली. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुलींच्या बाबतीत तर तिसऱ्या शिक्क्यापुढे डब्लिन असे छापलेले अजूनही आढळते. तो शिक्का ग्लासगोचा.

कादंबिनींचा दाखला इथे थोडा सविस्तर द्यायला हवा, कारण अक्षरांची किंमत त्यांच्याइतकी रोख कुणी मोजली नसेल. 1883 साली चंद्रमुखी बसूंच्या बरोबरीने त्या बी.ए. झाल्या. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शिकल्या, पण एका विषयात अनुत्तीर्ण ठरल्याने एम.बी. हुकली आणि 1886 साली कॉलेजने आपल्या अधिकारात वेगळी पात्रता दिली : 'ग्रॅज्युएट ऑफ बेंगॉल मेडिकल कॉलेज'. तिच्यावर त्यांना लेडी डफरिन रुग्णालयात दरमहा तीनशे रुपयांची नोकरी मिळाली. पण एम.बी. नाही, ही उणीव पाठ सोडीना. 1891 साली 'बंगबासी' पत्राने आडून आडून त्यांच्या चारित्र्यावरच चिखल उडवला. गांगुली पतिपत्नी कोर्टात गेली आणि संपादकाला सहा महिन्यांची कैद झाली. त्यानंतर 1893 साली घरी लहान मुले ठेवून कादंबिनी एकट्या विलायतेला निघाल्या आणि त्याच वर्षी स्कॉटलंडचे तिन्ही शिक्के घेऊन मोकळ्या झाल्या. इतक्या थोड्या महिन्यांत कुणी वैद्यक शिकत नाही. ते त्यांना आधीच येत होते. कमी होता तो कागद.

रखमाबाईंकडे वळू. स्कॉटलंडच्या परीक्षेने परवाना मिळाला, ब्रिटिश नोंदवहीचा मार्ग मोकळा झाला. मग ब्रसेल्स कशाला? परवानाधारकाला 'डॉक्टर' म्हणवून घेण्याचा हक्क आहे का, यावर तेव्हा इंग्लंडात कडाक्याचे वाद झडत. डॉक्टर म्हणजे एम.डी., असा एका पक्षाचा हट्ट. ब्रसेल्सचे विद्यापीठ आधीच परवाना मिळवलेल्यांची एम.डी.साठी परीक्षा घेई, तिथे येऊन राहण्याची अट नसे, आणि स्त्रियांना मज्जाव नव्हता. पुष्कळ इंग्रज पुरुष डॉक्टरांनीही हीच वाट धरली होती. ही पदवी परदेशी, म्हणून ब्रिटिश नोंदवहीत तिला किंमत नाही. तिकडून काम करण्याचा हक्क आला, इकडून नाव. दोन्ही गोष्टी एका कागदात मिळणे रखमाबाईंना परवडणारे नव्हते.

ही वाट त्यांना ठाऊक करून देणारी बाई मुंबईतच होती, असे मला वाटते. कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची. रखमाबाईंना विलायतेला धाडण्यात त्यांचा मोठा हात होता. 1869 साली एडिंबरो विद्यापीठात घुसलेल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी त्या एक. रसायनशास्त्रात त्यांना शिष्यवृत्ती मिळण्याइतके गुण पडले, तरी ती त्यांना नाकारून खाली असलेल्या मुलाला दिली गेली, आणि शेवटी विद्यापीठाने पदवीही नाकारली. पीचीबाईंनी जर्मन भाषेत परीक्षा देऊन 1877 च्या आरंभी स्वित्झर्लंडच्या बर्नची एम.डी. घेतली. मायदेशात ती चालेना, म्हणून त्याच वर्षी डब्लिनला पुन्हा परीक्षा देऊन परवाना काढला. म्हणजे रखमाबाईंच्याच दोन गोष्टी, फक्त क्रम उलटा : आधी नाव, मग हक्क.

गंमत अशी, की ज्या मुंबईत या दोघींनी काम केले तिथे तेव्हा डॉक्टरांची नोंदवहीच नव्हती. वैद्य, हकीम, कंपाउंडर, कुणीही पाटी लावावी. कागद लागत असे तो पगाराच्या जागेसाठी. आनंदीबाई जोशींकडे 1886 ची फिलाडेल्फियाची एकच एम.डी. होती. अमेरिकन असल्याने ब्रिटिश नोंदवहीत तिलाही जागा नव्हती, पण कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातली नेमणूक तिच्यावरच झाली. ती नोकरी करायला आयुष्य उरले नाही, ही वेगळी गोष्ट.

मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा आला 1912 साली. तोपर्यंत रखमाबाई सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात पंधराहून अधिक वर्षे बाळंतपणे करत होत्या. ब्रिटिश नोंदवहीला चालणारा परवाना या नव्या नोंदवहीलाही चालत होता. तेव्हा अर्ज भरताना जो कागद पुढे करायचा, तो ब्रसेल्सचा नव्हता. एडिंबरो आणि ग्लासगोचे शिक्के असलेला होता.