आपल्या देवळांतील रागदारी

स्मरणिकेच्या पानांत धर्मगुरूनें लिहावयाचें तें बहुधा इमारत, वर्गणी आणि पूर्वीं येथें सेवा करून गेलेले गुरुजन यांविषयीं. तें काम या अंकांत इतरांनीं उत्तम केलें आहे. मी एका तक्रारीपासून आरंभ करतों.

रविवारच्या ख्रिस्तयागांत यमन किंवा भूप रागांत बसविलेलें एखादें स्तोत्र झालें, कीं कोणी वडीलधारे गृहस्थ मला दाराशीं गांठतात आणि सौम्यपणेंच विचारतात, "फादर, हें हिंदूंचें गाणें आपल्याकडे कशाला? आपलें जुनें काय वाईट होतें?" प्रश्न प्रामाणिक आहे, तो हंसण्यावारी नेणें बरें नव्हे. आईच्या मांडीवर जी चाल ऐकली तिच्याशींच माणसाच्या भक्तीचा धागा गुंतलेला असतो. परंतु "हिंदूंचें" आणि "आपलें जुनें" हे दोन्ही शब्द इतिहासाच्या उजेडांत तपासून पाहण्याजोगे आहेत, आणि ती हकीकत आपल्या नाशकावरूनच जाते.

सव्वाशें वर्षांपूर्वीं रागदारी संगीत सामान्य हिंदु गृहस्थाचेंही नव्हतें. त्यास कीर्तन ठाऊक, भजन ठाऊक, लावणी ठाऊक. ख्याल-ध्रुपद राहत असे तें संस्थानिकांच्या दरबारांत आणि घराण्यांच्या भिंतींआड. ती विद्या जपणाऱ्यांत मुसलमान उस्ताद कितीतरी होते. तेव्हां तिला केवळ हिंदूंची म्हणणें म्हणजे त्यांच्यावर अन्यायच.

या भिंती ज्यांनीं पाडल्या त्यांत विष्णु दिगंबर पलुस्कर यांचें नांव प्रथम घ्यावें लागतें. त्यांचा जन्म १८७२ सालीं कुरुंदवाडास एका कीर्तनकाराच्या घरीं झाला. लहानपणीं फटाक्यानें डोळे दुखावले, शाळा सुटली, आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं ग्वाल्हेर परंपरेचें गाणें शिकण्याचा योग आला. पुढें एका समारंभाचें निमंत्रण त्यांस आलें, पण गुरूंस आलें नाहीं. विचारतां, गवयांस कोण बोलावतो, असें उत्तर मिळालें, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, १८९६ सालीं त्यांनीं मिरज सोडली आणि एका राजाचा आश्रय न शोधतां लोकांसमोर, तिकीट लावून, जलसे सुरू केले. ५ मे १९०१ रोजीं लाहोरास त्यांनीं गांधर्व महाविद्यालय काढलें. दरबाराच्या पैशावर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर व जलशांच्या उत्पन्नावर चालणारी ती गायनशाळा होती. वर्ग, इयत्ता, छापील पुस्तकें, स्वरलिपि, हीं सर्व साधनें त्यांनीं गाण्यास लावलीं. १९०८ सालीं मुंबईसही विद्यालय निघालें.

याची किंमत त्यांनीं मोजली. मुंबईची इमारत कर्जापायीं गेली. त्यानंतर ते आपल्या नाशकास, पंचवटींत, रामनाम आधार आश्रमांत राहूं लागले. सातपूराहून तें ठिकाण फार तर तीन कोस. ज्या माणसानें विद्येचा बाजार न करितां ती बाजारांतल्या माणसापर्यंत नेली, त्याचे उत्तरायुष्यांतील दिवस रामनामांत आणि शिष्यांच्या संगतींत गोदातीरीं गेले. १९३१ सालीं मिरजेस त्यांचा अंत झाला. त्याच वर्षीं शिष्यांनीं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे सर्व त्यांचेच शिष्य. त्या मंडळाच्या गायनाच्या, तबल्याच्या व कथ्थकच्या परीक्षांस आज आपल्या घरांतील मुलेंमुलीही बसतात.

आतां आपल्या घराकडे वळूं. लाहोरास विद्यालय निघाल्यावर दोनच वर्षांनीं, २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, म्हणजे संत सिसिलियेच्या सणाच्या दिवशीं, परमगुरु दहावे पायस यांनीं देवळांतील संगीताविषयीं आज्ञापत्र काढलें. ग्रेगोरियन गायन हा आदर्श ठरला. पियानो आणि ढोलासारखीं गोंगाटाचीं वाद्यें वर्ज्य झालीं. मात्र प्रत्येक राष्ट्राच्या संगीताचे विशेष प्रकार, मर्यादेंत राहून, स्वीकारण्यास त्यांतही वाव होता. आमच्याकडे वर्ज्य तेवढें पाळलें गेलें. वाव मात्र बहुधा वाचलाच गेला नाहीं.

येथें सेमिनरींत शिकलेल्या माणसाची एक आठवण सांगतों. ग्रेगोरियन गायनाच्या आठ 'मोड', म्हणजे थाटांसारख्या स्वररचना, आम्हीं घोकून पाठ केल्या. पुष्कळ वर्षांनीं ध्यानांत आलें कीं त्यांतील डोरियनचे स्वर आपल्या काफी थाटाचेच, आणि फ्रिजियनचे भैरवीचे. दोन्हीं ठिकाणीं एकच स्वरओळ. चार आवाजांची मिळवणी नाहीं. चार आवाजांत बसविलेल्या इंग्रजी स्तोत्रांपेक्षां रोमचें प्राचीन गायन आपल्या गवयास अधिक जवळचें आहे.

आणि "आपलें जुनें" म्हणाल, तर येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोमंतकांत राशोल येथें छापलें गेलें. तें ओव्यांचें, ओवी ही गाण्यासाठींच असते. पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांचें शिक्षण नाशकास झालें, त्यांनीं कीर्तन व भजन ख्रिस्ताच्या सेवेस लाविलें. ते पंथानें प्रॉटेस्टंट. पण चांगली चाल पंथ विचारीत नाहीं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपल्या शेजारच्या जलालपूरच्या.

कॅथलिक ख्रिस्तसभेंत हें दार मोठ्या प्रमाणावर उघडलें तें दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानानें लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस योग्य स्थान द्यावें असें स्पष्ट सांगितलें. १९६९ सालीं भारतासाठीं बारा बाबींस रोमनें मान्यता दिली, त्यांत आरतीही होती. परंतु त्याही आधीं १९३२ सालीं या देशांत आलेले एस. व्ही. डी. संघाचे जर्मन फादर जॉर्ज प्रोक्श हिंदी भजनें रचीत होते. अंधेरीचा ज्ञान आश्रम हें त्यांचें कार्यस्थान. शुभवर्तमानांतील प्रसंग त्यांनीं भारतीय नृत्यनाट्यांतून रंगविले. एका परक्या माणसानें आम्हांस आमचे सूर परत दिले, ही गोष्ट सुखावते आणि थोडी बोंचतेही. त्याच संघाचे तेव्हांचे धर्मगुरू फ्रान्सिस बार्बोझा यांनीं बडोद्यास भरतनाट्यम् शिकून ख्रिस्ती विषयांसाठीं नव्या हस्तमुद्रा योजिल्या.

नृत्याविषयीं मात्र मजलाच संकोच आहे. तें दक्षिणेचें किंवा परधर्माचें म्हणून नव्हे. भरतनाट्यम् ज्या तंजावरच्या दरबारांत आजच्या घाटास आलें तो दरबार मराठ्यांचा होता. सरफोजी राजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनीं नृत्यासाठीं मराठी रचना केल्या, आणि त्यांचे शिक्षक श्वार्ट्झ हे मिशनरी होते. माझा संकोच एवढाच, कीं वेदीपुढें नाचणारी मुलगी प्रेक्षकांसाठीं नाचूं लागली तर प्रार्थनेचा जलसा होतो. म्हणून आपल्याकडे अर्पणाच्या मिरवणुकींत आणि आरतींत नृत्य असतें. बाकीचें पटांगणांतील रंगमंचावर.

गायकवर्गाचें कौतुक केल्यावांचून लेख संपवितां येत नाहीं. कारखान्यांच्या पाळ्या सांभाळून, कधीं रात्रपाळीची झोंप मोडून, ही मंडळी तालमीस येतात. माझी त्यांच्याशीं एकच कुरबूर आहे. ज्या हार्मोनियमला ते देशी समजतात, तिचें पेटंट पॅरिसमध्यें १८४२ सालीं घेतलें गेलें. तिच्यांतून मींड निघत नाहीं म्हणून आकाशवाणीनें ती १९४० पासून तीसएक वर्षें वर्ज्य केली होती. ज्युबिलीच्या ख्रिस्तयागांत क्रेदो लॅटिनमध्यें, जुन्या ग्रेगोरियन चालीवरच गाइला जाईल. वडीलधाऱ्यांस तसा शब्द दिला आहे. ख्रिस्तप्रसादानंतरचें स्तोत्र भैरवींत होईल. त्यास तंबोरा पुरे, पेटी नको, असें मीं सुचविलें. गायकवर्गानें तें अद्याप मानलेलें नाहीं.