पैनगंगेच्या खोऱ्यातला मुक्काम, 1803

1803 चा हिवाळा आहे. पुसदच्या पुढे, पैनगंगेकडे उतरणाऱ्या सागाच्या रानात तुम्ही उभे आहात. आधी घुंगरं ऐकू येतात, मग धुरळा दिसतो, मग बैल. पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या लादलेले, एकामागे एक, संपता संपत नाहीत. म्होरक्या बैलाला कवड्यांचा साज आहे. बंजाऱ्यांची लदेणी चालली आहे.

वाट सोडून उभे राहा, वेळ लागेल. पीटर मंडी नावाच्या इंग्रजाने 1632 साली उत्तरेत 14,000 बैलांचा तांडा पाहिल्याचं लिहून ठेवलंय. हा तेवढा मोठा नाही, पण चाल तीच. चारा वाटेतच मिळवायचा, म्हणून बैल चरत चरत चालतात आणि दिवसाकाठी तीन-चार कोसांवर मुक्काम पडतो. पाठीवर मीठ आहे, धान्य आहे. परतताना वऱ्हाडचा कापूस असेल. तो थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत बैलांच्या पाठीवरूनच जातो.

ओढा दिसताच तांड्याचा म्होरक्या, नाईक, थांबायला सांगतो. आता नीट बघा. बैलांवरून गोण्या उतरतात आणि तिथेच एकावर एक रचल्या जातात. छातीइतकी भिंत होते. वर जाड कापड ताणलं की घर उभं. भिंतीसाठी वेगळं काही वाहून आणलेलं नाही, विकायचा मालच भिंत झालाय. जवळ जाऊन हात लावा: तागाची जाड, खरखरीत वीण, आत दाबून भरलेली ज्वारी. पैनगंगेवरून येणारं गार वारं त्यातून आत येत नाही. मला विचाराल तर मुक्कामाची याहून शहाणी रचना या डोंगरांत पुन्हा झालेली नाही.

आरसे जडवलेला फेटिया, म्हणजे घागरा, नेसलेली एक याडी, म्हणजे आई, तीन दगडांच्या चुलीवर बाटी थापते. तुमच्यापुढेही एक येते. खा, वाट चुकलेल्याला इथे उपाशी ठेवत नाहीत. रात्री वाघाच्या भीतीने शेकोटी विझू देत नाहीत, कुत्री गोण्यांभोवती फिरत राहतात.

उत्तरेकडे लढाई चालू आहे. 15 डिसेंबरला इंग्रज गाविलगड घेतात, 17 ला देवगावचा तह होतो आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांकडून निजामाकडे जातो. तांड्याचं त्याने फार बिघडत नाही. जो राजा असेल त्याच्या फौजेला धान्य लागतंच, आणि इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेलाही ते बंजारेच पुरवतात.

तांडा मोडला तो रेल्वेने. 1867 मध्ये मुंबईची गाडी नागपूरला पोचली, मीठ आणि कापूस डब्यांत गेले, बैल रिकामे झाले. त्यावर 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि पुढे त्याच्या याद्यांत अनेक ठिकाणी बंजाऱ्यांचं नाव चढलं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या देशाला मीठ पुरवलं, त्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा हा कायदा मला अक्षम्य वाटतो. तो शिक्का पुसला गेला 31 ऑगस्ट 1952 रोजी. दरम्यान लदेणी थांबून तांडे डोंगरांच्या कुशीत स्थिरावले होते. अशाच बंजारा समाजातले, पुसद तालुक्यातल्या गहुलीत 1913 साली जन्मलेले वसंतराव नाईक 1963 ते 1975 महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

आज गाडीमागे घडीचा कॅम्पर जोडून तुम्ही याच डोंगरांत येऊ शकता. छत वर उचललं, कापडी भिंती ताणल्या की आत गादी, दिवा, चहाची शेगडी. जरूर या. पण एक संध्याकाळ जवळच्या तांड्यावर घालवा आणि तिथल्या जुन्या माणसांना लदेणीबद्दल विचारा. बंजाऱ्यांच्या भाषेला, गोरबोलीला, स्वतःची लिपी नाही. त्या वाटांची आठवण बरीचशी त्यांच्या गाण्यांत आणि बोलण्यातच आहे. बसून ऐका, आणि त्यांची परवानगी असेल तर लिहून ठेवा.