अंगण आपलं, पाणी कोणाचं?

आज आपण बोलणार आहोत घरच्या बोअरबद्दल. आपल्याकडे हापशीलाही बोरिंगच म्हणतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. गावाची ती हापशी आणि घराच्या अंगणात मोटार टाकून केलेला तो बोअर.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका मैत्रिणीनं कर्ज मागितलं. तिला अंगणात बोअर मारायचा होता. कारण खरं होतं. सासूबाईंचे गुडघे गेलेले, मुलगी शाळेआधी चार खेपा करायची. पण तिचं घर हापशीपासून जेमतेम शंभर पावलांवर. दोन वर्षांपूर्वी असाच एक बोअर कोणाला न विचारता झाला होता, आणि तेव्हापासून एप्रिल लागला की आमची हापशी हवा ओकते. बैठकीत बोलणं वाढलं. मैत्रीण म्हणाली, "आमच्या आंगणात आम्ही बोर मारू, त्यात कोणाचं काय जाते?" गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी शांतपणे म्हणाल्या, "अवो, पाणी काय तुमच्याच आंगणाखाली थांबते का?"

कर्ज आम्ही नाकारलं नाही. महिनाभर थांबवलं, आणि या प्रश्नाचं उत्तर कुठं लिहून ठेवलंय का ते शोधायला निघालो. शोधताना कळलं की हा प्रश्न दीडशे वर्षांचा जुना आहे.

१८८२ साली इंग्रज सरकारनं भारतीय सुविधाधिकार कायदा केला. त्याच्या कलम ७ मधल्या एका उदाहरणात असं सांगितलंय की जमिनीखाली ठरलेल्या प्रवाहाशिवाय जे पाणी आहे, ते आपल्या हद्दीत काढून घ्यायचा हक्क जमीनमालकाचा. हा विचार आला विलायतेच्या न्यायालयांतून. तिथल्या न्यायाधीशांनी १८४३ मध्ये आणि पुन्हा १८५९ मध्ये असाच निकाल दिला होता. जमिनीखालचं पाणी कसं वाहतं ते दिसत नाही, तेव्हा ज्याची जमीन त्याचं पाणी, असा तो हिशेब.

आता विचार करा, या हिशेबात कोण बाहेर राहिलं? ज्यांच्या नावावर जमीन नव्हती ते सगळे. मजूर राहिले, आणि आपण बायाही राहिलो. डोक्यावर पाणी आपण वाहिलं, कागदावर पाणी मालकाचं झालं. जातीचा पहारा तर त्याच्याही आधीपासून होता. म्हणूनच जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला. म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला. पाणी कोणाचं, हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात ओंजळीनं विचारला गेलाय.

तरी त्या काळात मालक पाणी उपसून उपसून किती उपसणार? विहीर पहार, टिकाव आणि सुरुंगानं खणायची. पाणी मोटेनं, नाहीतर पोहऱ्यानं काढायचं. बैल दमला की उपसा थांबायचा. तेव्हा कायदा मालकाचा असला तरी पाण्याला विसावा मिळत होता.

हे बदललं यंत्रानं. १९६७ च्या सुमारास बिहारच्या दुष्काळात युनिसेफनं हवेच्या दाबावर चालणारी बोअरची यंत्रं भारतात आणली. जमिनीत उतरून खडकावर घाव घालणारा हातोडा त्या यंत्रात होता. जो काळा पाषाण फोडायला माणसांना महिने लागायचे, त्याला एका दिवसात भोक पडू लागलं. मग आला आपला १९७२ चा दुष्काळ. ज्या बायांनी तेव्हा रोजगार हमीवर खडी फोडली, त्यातल्या काही आजही आपल्या गावात आहेत, त्यांना विचारा. त्याच काळात राज्य सरकारनं भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी केली. गावोगावी बोअर झाले, त्यांवर हापशा बसल्या.

या हापशीची गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातली आहे. सुरुवातीचे हातपंप बिडाचे होते आणि एका कुटुंबापुरते बनवलेले होते. त्यांवर अख्खं गाव आलं की ते मोडून पडायचे. जालन्याला मिशनच्या विहीर प्रकल्पात काम करणाऱ्यांनी त्याऐवजी पोलादी, दणकट पंप तयार केला. पुढे सोलापुरात तो आणखी सुधारला. त्याच सोलापुरी पंपावरून १९७० च्या दशकाच्या शेवटी 'इंडिया मार्क दोन' हा हातपंप आला. तो देशभर गेला आणि परदेशातही गेला. आपल्या चौकातली हापशी ती हीच.

म्हणजे पाहा, तेव्हा अडचण अशी होती की एका घरासाठी केलेला पंप गावाला पुरत नव्हता. आज उलटं झालंय. गावाचं पाणी एकेका घराचा पंप ओढून नेतोय. मोटार दमत नाही. बटण दाबलं की चालू, आणि बंद करायला विसरलं की टाकीवरून वाहतंय.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर खडकात आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या पाषाणाचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले, चळतीतल्या भाकरींसारखे. पाणी त्या भाकरीत नाही. ते वरच्या मुरमात आहे, दोन थरांच्या मधे आहे, खडकाच्या भेगांत आहे. माझ्या अंगणाखालची भेग हापशीखाली गेली असेल, तर दोघींचं पाणी एकच. मी जास्त खोल गेले आणि मोटार लावली, की आधी हापशी कोरडी पडणार. आणि खोल गेलं की पाणी लागतंच असंही नाही. काळ्या पाषाणात जसजसं खाली जावं तसतशा भेगा बहुधा कमी होत जातात.

सरकारला ही गोष्ट कायद्यात आणायला १९९३ साल उजाडलं. त्या वर्षी महाराष्ट्रानं पिण्याच्या पाण्यासाठी भूजल कायदा केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खणायची नाही, असं त्यात आलं. टंचाई जाहीर झाली तर १ किलोमीटरच्या आतल्या विहिरींचा उपसा आवरायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना मिळाला. १८८२ नंतर पहिल्यांदाच कायद्यानं मालकाच्या मोटारीआधी गावाची घागर पाहिली. पण कोणी तक्रार केली तरच कायदा हलणार. गावात सोयऱ्याधायऱ्याविरुद्ध तक्रार कोण करणार? फार थोड्या गावांनी तो वापरला.

मग विधिमंडळात २००९ चा महाराष्ट्र भूजल (विकास आणि व्यवस्थापन) कायदा झाला. त्याचा अंमल १ जून २०१४ पासून सुरू झाला आणि १९९३ च्या कायद्याची जागा त्यानं घेतली. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याचं रक्षण त्यात आहे. विहीरमालकानं आपल्या विहिरीची नोंद करायची आहे, बोअरची गाडी चालवणाऱ्यानंही नोंदणी करायची आहे. ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फूट किंवा त्याहून खोल विहिरीला हा कायदा खोल विहीर म्हणतो. सरकारनं अधिसूचित केलेल्या क्षेत्रात शेती आणि उद्योगासाठी अशा खोल विहिरींना मनाई आहे.

तिसरी गोष्ट ऐकताना काळजात धस्स होतं. २००६ मध्ये हरियाणातल्या कुरुक्षेत्र जिल्ह्यात पाच वर्षांचा मुलगा उघड्या बोअरमध्ये पडला. तो दोन दिवसांनी जिवंत निघाला. त्यानंतर देशात अनेक लेकरं अशी पडली, सगळी वाचली नाहीत. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०१० रोजी सगळ्या राज्यांना नियम घालून दिले. बोअर मारण्याच्या निदान १५ दिवस आधी मालकानं लेखी कळवायचं. गाडी नोंदणी केलेलीच हवी. कामाच्या जागी मालकाचा आणि बोअरवाल्याचा पत्ता लिहिलेली पाटी आणि भोवती काटेरी तारेचं कुंपण हवं. केसिंगभोवती सिमेंटचा ओटा हवा, ३० सेंटिमीटर जमिनीवर आणि ३० सेंटिमीटर जमिनीखाली. तोंडावर लोखंडी झाकण, वेल्डिंग केलेलं किंवा नटबोल्टनं आवळलेलं. मोटार दुरुस्तीला काढली तरी तोंड उघडं ठेवायचं नाही. आणि पाणी लागलं नाही तर तो बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरून टाकायचा.

हे वाचलं आणि आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. आमच्या शिवारात एक फेल गेलेला बोअर होता. त्यावर पोतं आणि पोत्यावर दगड. बोरं वेचायला पोरं तिथूनच जायची. दुसऱ्याच दिवशी आम्ही नऊ जणी त्या दादांच्या घरी गेलो. भांडलो नाही. नियम वाचून दाखवला आणि म्हणालो, "दादा, माती आम्ही टाकू लागतो, पण आज भरा." संध्याकाळपर्यंत तो भरला.

बोअर मारायच्या आधी काय करावं, तेही सांगतो. ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि पोच घ्या. घर तुमच्या नावावर असेल, नमुना ८ वर तुमचं नाव असेल, तर अर्जावर सही तुमची असू द्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारा, की आपलं गाव कोणत्या क्षेत्रात येतं आणि हापशीपासून किती अंतर राखायचं. पाणाड्याला बोलवायचं तर बोलवा, पण नारळ उभा राहिला म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. संडासाचा खड्डा, उकिरडा आणि गोठा यांपासून निदान ५० फूट लांब राहा. भेगाळ खडकात त्याहून लांब गेलेलं बरं. वरच्या मुरमाच्या थरात केसिंग नीट बसली की नाही ते उभं राहून पाहा. किती फुटांवर पाणी लागलं, किती पाईप गेले, ते वहीत लिहून घ्या.

आणि पाणी लागलं म्हणून लगेच पिऊ नका. आपल्या जिल्ह्यात पांढरकवडा, झरी जामणी, मारेगाव या भागांत पाण्यातल्या फ्लोराईडनं माणसांचे दात पिवळे-काळे झालेत, हाडं वाकलीत. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड असलेलं पाणी पिण्याला चालत नाही. उघड्या विहिरीपेक्षा खोल बोअरमध्ये ते बहुधा जास्त सापडतं. उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायची सोय आहे. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे ग्रामसभेत विचारा. नसतील तर आपली नावं द्या.

आता आमच्या मैत्रिणीचं काय झालं ते सांगतो. तिनं अर्ज दिला, पोच घेतली. अर्ज अजून कार्यालयात आहे. तोवर गटानं दुसरी कामं हातात घेतली. जुन्या विहिरीचा गाळ ग्रामसभेतून ठराव करून काढून घेतला. हापशीचं सांडपाणी शोषखड्ड्यात सोडलं. तिच्या सासूबाईंच्या दोन घागरी रोज आळीपाळीनं आम्ही पोचवतो, आणि पोरगी शाळेत वेळेवर जाते. परवानगी आली तर कर्ज मिळेल, असं वहीत लिहिलंय. ज्यानं न विचारता बोअर मारला होता, त्या घरानंही एप्रिल-मे महिन्यांत मोटार दिवसाला तासभरच चालवायचं कबूल केलंय. पाळतात का, ते हापशी सांगेलच.

२०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही धरणं तळाला गेली होती, हे आपण विसरलेलो नाही. धरण आटलेलं डोळ्यांना दिसतं. जमिनीखालचं आटतं तेव्हा आधी हापशीच्या दांड्याला कळतं, आणि तो दांडा असतो आपल्या हातात. म्हणून पुढच्या बैठकीत बचतीच्या हिशेबाशेजारी गावातले बोअर आणि विहिरी मोजून लिहा. किती खोल, कोणाच्या, हापशीपासून किती पावलांवर, आणि उघडे किती. उघडा सापडला तर बैठक संपायच्या आत उठा.