पुढच्या पुस्तकाची वाट



शंकराच्या देवळात शिरताना सभामंडपाच्या फरशीतले दगडी कासव आपण सर्वांनी पाहिलेले आहे. कासवाने पृथ्वी पाठीवर तोलली आहे, दिशादिशांना दिग्गज उभे आहेत, या कथाही आपण लहानपणापासून ऐकतो. याच जुन्या कल्पनेवर एका इंग्रज लेखकाने बत्तीस वर्षे लोकांना हसवले. एक अवाढव्य कासव आकाशातून पोहत चालले आहे, त्याच्या पाठीवर चार हत्ती, आणि हत्तींच्या पाठीवर ताटासारखे सपाट जग! लेखकाचे नाव टेरी प्रॅचेट आणि ग्रंथमालेचे नाव 'डिस्कवर्ल्ड', म्हणजे थाळीचे जग. पण आज बोलायचे आहे ते या मालेच्या पुढच्या पुस्तकाकडे डोळे लावून बसणाऱ्या वाचकांविषयी.

गोष्टीची वाट पाहणे काही नवे नाही. श्रावणात पोथी लागते, अध्याय संपतो, पोथी फडक्यात बांधली जाते, आणि ऐकणारा 'पुढे काय?' असे मनाशी म्हणत घरी जातो. छापखाना आला आणि हीच गोडी कागदावर उतरली. लंडनमध्ये १८३६ साली चार्ल्स डिकन्सची 'पिकविक पेपर्स' दरमहा भागाभागाने निघू लागली. आरंभी खप शेकड्यांत होता, शेवटी तो चाळीस हजारांच्या घरात गेला. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली पुण्यात 'करमणूक' काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो!' त्यातून क्रमशः दिली. यमूचे पुढे काय झाले हे कळायला पुढच्या अंकाची वाट पाहणे भागच होते.

प्रॅचेटचा जन्म १९४८ चा. सतराव्या वर्षी तो वर्तमानपत्रात बातमीदार झाला आणि पुढे वीज मंडळाच्या प्रसिद्धी खात्यात नोकरीला लागला. १९८३ मध्ये मालेतले पहिले पुस्तक 'द कलर ऑफ मॅजिक' निघाले, तेव्हा ब्रिटनसाठी जेमतेम पाचशे प्रती होत्या. मग बीबीसीने महिलांच्या कार्यक्रमात ते हप्त्याहप्त्याने वाचून दाखवले. ज्यांनी हे पुस्तक दुकानात कधी उचललेही नसते, त्यांच्या कानी ते घरबसल्या पडले. म्हणजे या लेखकाचा वाचकवर्ग वाढवण्यात रेडिओचाही वाटा आहे बरे का! १९८७ साली त्याने नोकरी सोडली आणि पुढे वर्षाला एक, कधी दोन पुस्तके येऊ लागली.

या जगात विद्यापीठातल्या जादूगारांचे लक्ष जादूपेक्षा जेवणावर अधिक. तिथला मृत्यू पांढऱ्या घोड्यावरून येतो आणि त्याला मांजरांचा लळा आहे. एका भामट्याला फासावरून उतरवून बंद पडलेल्या टपाल कचेरीचा पोस्टमास्तर केले जाते, आणि तो ती सुरू करून दाखवतो! हसता हसता माणसाचा लोभ, भीती आणि चांगुलपणा समोर येतो. म्हणून पुस्तक येणार असे कळले की वाचकांत चर्चा सुरू होई. या खेपेस पोलीस अधिकारी येणार, की डोंगरातल्या चेटकिणी? इंग्लंडातल्या विंकॅन्टन गावाने तर २००२ साली या कथांतल्या कल्पित शहराशी भगिनीनाते जोडले.

मग डिसेंबर २००७ मध्ये प्रॅचेटने स्वतःच जाहीर केले, की आपल्याला स्मृतिभ्रंशाचा आजार जडला आहे. वय अवघे एकोणसाठ. वाचकांच्या वाट पाहण्याचा अर्थ त्या दिवशी बदलला. आता प्रत्येक नवे पुस्तक शेवटचे ठरू शकत होते. त्याने या रोगाच्या संशोधनासाठी दहा लाख डॉलर दिले, आणि तेवढीच रक्कम आपणही जमवू म्हणून वाचक पुढे सरसावले. टंकलेखन जमेना, तेव्हा तो तोंडाने मजकूर सांगू लागला. अशा अवस्थेत त्याने या मालेतली आणखी पाच पुस्तके पुरी केली.

१२ मार्च २०१५ रोजी तो गेला. त्याच वर्षी एकेचाळिसावी आणि शेवटची कादंबरी 'द शेफर्ड्स क्राउन' प्रसिद्ध झाली. तीत म्हातारी चेटकीण आपला काळ जवळ आला हे ओळखते, घर झाडूनपुसून लख्ख करते आणि शांतपणे जाते. तिचा वसा मेंढपाळाच्या घरातली एक तरुण पोर उचलते. ते वाचताना अनेकांचे डोळे भरून आले असतील, यात नवल नाही.

अपुरे लेखन कोणी पुरे करू नये, ही त्याची इच्छा होती. म्हणून २५ ऑगस्ट २०१७ रोजी डॉर्सेट परगण्यातल्या जत्रेत त्याच्या संगणकाची ती चकती वाफेच्या रोडरोलरखाली चिरडण्यात आली. त्या चकतीतल्या गोष्टी आता कोणालाच कळणार नाहीत. वाचक हळहळले. पण दुसऱ्याच्या हातून ओढूनताणून लांबवलेल्या कथेपेक्षा लेखकाचा शब्द मोठा, हेही त्यांनी मानले.

गुरुजनहो, वर्गात गोष्ट सांगताना तास संपतो आणि एखादे पोर विचारते, 'गुरुजी, पुढे काय?' त्या प्रश्नाला हिरमुसवू नका. डिकन्स, हरिभाऊ, प्रॅचेट हे सारे त्याच प्रश्नावर जगले. उत्तर उद्या द्या, पण द्या जरूर.