कारखान्यातला विषारी गाळ जाळूनही संपत नाही, मग त्याचं करतात काय?

ओला कचरा कुजून माती होतो. तेलकट कचरा भट्टीत जाळता येतो. पण शिसं, क्रोमियम, कॅडमियम, पारा ही मूलद्रव्यं आहेत. जाळा, पुरा किंवा नाल्यात सोडा, ती फक्त जागा बदलतात. म्हणून कारखान्यांच्या गाळातले हे जड धातू नष्ट करत नाहीत, तर कोंडून ठेवतात.

हा गाळ येतो कुठून?
धातूला मुलामा देणारे, रंग बनवणारे, चामडं कमावणारे कारखाने सांडपाणी शुद्ध करतात. तेव्हा पाण्यातले धातू तळाशी बसतात. पाणी स्वच्छ होतं, पण विष गाळात उरतं.

धातू कोंडतात कसे?
क्रोमियमचा 'सहा' हा प्रकार पाण्यात सहज विरघळतो आणि त्याने कॅन्सर होऊ शकतो. हिराकस (फेरस सल्फेट) घालून त्याचं रूपांतर कमी घातक 'तीन' प्रकारात करतात. मग चुना टाकतात. त्यामुळे धातूंचे न विरघळणारे क्षार बनतात. चुन्याचं प्रमाण मात्र नेमकं लागतं. तो फार जास्त झाला तर शिसं पुन्हा विरघळू लागतं. शेवटी सिमेंट किंवा राख मिसळून गाळ घट्ट करतात.

तो खरंच कोंडला गेला का?
यासाठी 'टीसीएलपी' चाचणी असते. नमुना त्याच्या वजनाच्या 20 पट सौम्य आम्लात सुमारे 18 तास घुसळतात आणि पाण्यात किती धातू उतरला ते मोजतात. लिटरमागे शिसं आणि क्रोमियम प्रत्येकी 5 मिलिग्रॅम, कॅडमियम 1, तर पारा 0.2 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे.

पुढे काय?
हा गाळ साध्या कचरा डेपोत टाकता येत नाही. तळाशी चिकणमाती आणि जाड प्लास्टिकचे थर असलेल्या खास खड्ड्यात तो पुरतात. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशा घातक कचऱ्याची केंद्रं आहेत. 2016 च्या नियमांनुसार कारखान्याला असा कचरा साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही.

हे टाळलं तर?
तमिळनाडूतल्या राणीपेटमध्ये क्रोमियमचा कारखाना 1995 मध्ये बंद पडला, पण लाखाहून जास्त टन कचरा उघड्यावर राहिला. पावसासोबत क्रोमियम जमिनीत मुरलं आणि भूजल दूषित झालं.

जवळा बाजारला याचं काय?
हिंगोली जिल्ह्यातल्या या गावात मोठे रासायनिक कारखाने नसले, तरी इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांमध्ये शिसं असतंच. जुनी बॅटरी उघड्यावर फोडली, तर तेच शिसं मातीत जातं. म्हणून ती विक्रेत्याकडेच परत द्यावी. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.