बाळू पालवणकर : चेंडू हाती, कप्तानी नाही

खेळाच्या मैदानावर जात नसते, असे आपण सहज म्हणतो. पालवणकर बाळू यांची कारकीर्द वेगळेच सांगते.

चर्मकार समाजात जन्मलेल्या बाळूंचा क्रिकेटशी संबंध आला तो नोकरीतून. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यावर पगार महिना चार रुपये. काम खेळपट्टी राखण्याचे, जाळी बांधण्याचे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करण्याचे. तासन्‌तास चेंडू टाकून त्यांची डावखुरी फिरकी घोटून तयार झाली. फलंदाजी मात्र साहेबांची; ती शिकण्याची संधी नोकराला कुठली?

पुण्याच्या हिंदू संघाला हा गोलंदाज हवा होता, पण पंगतीला नको होता. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी बाळूंचा चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात. पुढे मुंबईत ते रेल्वेत लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, तेव्हा बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम दोघेही त्या संघात होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांबरोबर विलायतेला गेलेला संघ सामने हरत राहिला. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले.

एवढे होऊनही हिंदू संघाची कप्तानी त्यांना मिळाली नाही. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी खेळायला नकार दिला. अखेर बाळूंना उपकप्तान करण्यात आले. नंतर १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्याला नाकारलेला मान धाकट्याला मिळाला.

बाळूंच्या खेळाचे डॉ. आंबेडकरांना मोठे कौतुक. पुढे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने बाळूंनाच बाबासाहेबांसमोर उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. १९५५ साली बाळू वारले.

त्यांची फिरकी कशी वळत असे, हे दाखवणारे चित्रण आज आपल्यापाशी नाही. पण बळी मोजताना ज्यांना त्यांची जात आठवली नाही, त्यांना कप्तान निवडताना ती बरोबर आठवली, एवढे मात्र इतिहासाने नोंदवून ठेवले आहे.